सोशल मीडियावरून सुट्टी घेताय? कुणाला सांगायचं, काय उरकायचं आणि परत कसं यायचं

ॲप काढून टाकायला पाच सेकंद लागतात. त्रास सुरू होतो तो त्यानंतर. आत्याला वाटतं आपण रुसलो, मित्राला वाटतं ब्लॉक केलं, सोसायटीच्या सेक्रेटरीला वाटतं मेंटेनन्स टाळतोय, आणि कुणीतरी आईला फोन करून हळूच विचारतं की घरी सगळं ठीक आहे ना. मी असा ब्रेक अधूनमधून घेत आलेय आणि आता बऱ्यापैकी सरावलेय, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यांना जे कुणी सांगत नाही ते इथे लिहितेय. फोन कमी कसा वापरायचा, मन कसं आवरायचं यावर ढीगभर वाचायला मिळेल, ते इथे नाही. इथे फक्त बाकीच्यांशी कसं वागायचं तेवढंच.

आपण गावाला जाताना दूधवाल्याला, पेपरवाल्याला आणि शेजारच्या काकूंना सांगून जातो, अख्ख्या कॉलनीला नाही. साधारण हाच हिशोब इथेही लावायचा.

आधी हे हाताशी ठेवा

- एक कागद आणि पेन. खरंच कागद, कारण फोनमधल्या नोट्स उघडायला गेलं की बोट आपोआप दुसरीकडे वळतं.
- जवळच्या माणसांचे नंबर फोनमध्ये नावानिशी सेव्ह केलेले. बरेच नंबर नुसते ग्रुपमध्ये दिसतात, सेव्ह नसतात, ते ॲप काढल्यावर कळतं.
- पुढच्या महिना-दोन महिन्यांतले वाढदिवस, साखरपुडे, मुंजी, बारशी, वास्तुशांती यांच्या तारखा कॅलेंडरवर. भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिल्या तर अजून बरं.
- सगळ्या अकाउंटचे पासवर्ड आणि त्यांना जोडलेला ईमेल चालू आहे ना याची खात्री.
- व्हॉट्सॲपचा ताजा बॅकअप आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन, लक्षात नसेल तर आत्ताच बदलून घ्या.
- आपण कुठल्या कुठल्या ग्रुपचे किंवा पेजचे ॲडमिन आहोत त्याची यादी. ही यादी आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठी निघते.

१. नक्की काय बंद करताय ते ठरवा

"सोशल मीडिया बंद" असं मोघम ठरवू नका. इन्स्टा, फेसबुक, एक्स, यूट्यूब ही करमणूक आहे, ती गेली तर कुणाचं काही अडत नाही. व्हॉट्सॲप मात्र आपल्याकडे निरोप्या आहे. लग्नपत्रिका पीडीएफ होऊन त्यावर येते, शाळेचा उद्याचा प्रोजेक्ट त्यावर येतो, टाकी धुणार म्हणून पाणी बंद हे त्यावर येतं आणि कुणी गेल्याची बातमीसुद्धा त्यावरच येते. त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्यांना माझं स्पष्ट मत असं की इन्स्टा-फेसबुक पूर्ण बंद करा आणि व्हॉट्सॲप ठेवा पण त्याचं तोंड बांधा (कसं ते पाचव्या पायरीत). पूर्ण व्हॉट्सॲप बंद हा पुढचा वर्ग आहे, आणि मुलं शाळेत असतील किंवा आईवडील दुसऱ्या गावी एकटे राहत असतील तर तो वर्ग सध्या नकोच.

अमेरिकेत, लंडनला कुणी घरचं असेल त्यांनी तर अजून जपून, कारण तिकडून येणारा फोन हा व्हॉट्सॲप कॉलच असतो. तो बंद करायच्या आधी दुसरा रस्ता ठरवा, गूगल मीट असेल, दोघांकडे आयफोन असेल तर फेसटाइम असेल, आणि तो एकदा चालवून बघा. आईबाबांच्या फोनवर तो रस्ता बसवून देणं हे तुमचं काम, त्यांचं नाही.

२. किती दिवस, आणि १४-३०-१२० हे आकडे

तारीख ठरवा. "बघू, जमेल तेवढं" असं असेल तर समोरच्याला काय सांगणार? तारीख ठरवताना व्हॉट्सॲपचे तीन आकडे डोक्यात ठेवा.

१४ दिवस फोनवरचं व्हॉट्सॲप उघडलं नाही तर लॅपटॉपवर जोडलेलं व्हॉट्सॲप लॉगआउट होतं. ऑफिसचं काम वेबवरून चालवू आणि फोनला हात लावायचा नाही असा बेत असेल तर तो इथे फसतो.

३० दिवस हा सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्यापर्यंत न पोचलेला मेसेज व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर ३० दिवस थांबतो, नंतर पुसला जातो. म्हणजे तुम्ही ॲप काढून दीड महिन्याने परत टाकलं तर सुरुवातीचे मेसेज तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, पाठवणाऱ्याच्या फोनवर मात्र ते तसेच एका टिकवर बसलेले असतात. चुलतभावाने मुंजीचं आमंत्रण पाठवलं होतं आणि तुम्ही म्हणताय "आलंच नाही", दोघंही खरं बोलताय, पण भांडण व्हायचं ते होतंच.

१२० दिवस अकाउंट वापरलंच नाही तर व्हॉट्सॲप ते साधारणपणे काढून टाकतं. आता कुणी हौसेने चातुर्मासाचा नेम करणार असेल, आषाढी ते कार्तिकी, तर ते चार महिने बरोब्बर या आकड्याच्या अंगावर जातात. आणि २०२३ सारखा श्रावण अधिक आला की चातुर्मास पाच महिन्यांचा होतो, मग तर संपलंच. तेवढा लांब नेम असेल तर मध्ये एकदोनदा उघडून बंद करायची सूट आधीच ठेवा. बाकी चातुर्मासाची कल्पना मला स्वतःला आवडते, कारण घरातल्या मोठ्यांना "डिजिटल डिटॉक्स" म्हटलं की काळजी वाटते आणि "चातुर्मासात फेसबुक सोडलंय" म्हटलं की कौतुक वाटतं.

३. कुणाला सांगायचं

कागद काढा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझं उत्तर आलं नाही तर कोण वाट बघत बसेल? तेवढ्याच लोकांना सांगायचं. बहुतेकांची यादी दहा-पंधरा नावांत संपते. घरचे, दोनचार जवळचे मित्र, ऑफिसात ज्यांचं काम तुमच्याशी आहे ते, मुलांच्या वर्गातली एखादी आई किंवा बाबा, आणि ज्यांचा रोज सकाळी फुलांच्या फोटोसकट "शुभ सकाळ" येतो ती मंडळी. या शेवटच्या लोकांना विसरू नका. त्यांच्यासाठी तुमचा उलटा नमस्कार ही हजेरी असते, आणि ती दोन दिवस लागली नाही की ते खरोखर अस्वस्थ होतात.

मोठ्यांना मेसेज करून कळवू नका, फोन करा. काहीतरी असं:

"काका, पुढचा महिनाभर मी व्हॉट्सॲप बघणार नाहीये. तुमचे सकाळचे मेसेज दिसणार नाहीत मला, उत्तर आलं नाही म्हणून रागावू नका हं. तब्येत वगैरे सगळं उत्तम आहे. रविवारी मीच फोन करते."

आणि रविवारी फोन करायचा. तो केला नाही तर बाकी सगळं पाण्यात.

मित्रांना लांबलचक कारण देत बसायची गरज नाही:

"१ तारखेपासून महिनाभर इन्स्टा-व्हॉट्सॲप बंद ठेवतोय. सगळं ठीक आहे, कुणावर राग नाही. काही असलं तर सरळ फोन कर."

यातलं "सगळं ठीक आहे" आणि "कुणावर राग नाही" ही दोन वाक्यं गाळू नका. अचानक गायब होणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या मनात पहिल्यांदा हेच दोन विचार येतात, आजारी आहे किंवा रागावलाय. (खरंच मन बरं नसेल म्हणून ब्रेक घेत असाल तर "सगळं ठीक आहे" लिहू नका, निदान एका माणसाला खरं सांगा आणि त्याला अधूनमधून फोन करायला सांगा.)

ऑफिसचं वेगळं आहे. तिथे कळवायचं नसतं, विचारायचं असतं. टीमचं काम व्हॉट्सॲप ग्रुपवर चालत असेल तर साहेबांना आधी भेटून सांगा की तातडीचं असेल तर फोन, बाकी ईमेल. कामाची वेळ संपल्यावर फोन-मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झालेला नाही, तेव्हा हक्काची भाषा सोडा आणि सोयीची भाषा वापरा.

सांगून बंद करण्याचा किती फायदा होतो याचं उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं, आणि साडेआठला परत भोंगा. दीड तासच, पण त्या वेळात उत्तर आलं नाही म्हणून गावात कुणी कुणावर रुसत नाही, कारण वेळ सगळ्यांना माहितीय. आपल्याकडे भोंगा नाही, म्हणून हे फोन करत बसायचे.

४. जाहीर पोस्ट टाकायची का?

शक्यतो नको. "मित्रहो, काही काळ निरोप घेतोय" टाइप पोस्ट टाकली की खाली "काय झालं रे?", "टेक केअर", "आम्हाला पण घेऊन चल" सुरू होतं, त्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तुम्ही परत आत येता, आणि ब्रेक पहिल्याच संध्याकाळी संपतो. वर तीन दिवसांनी परत आलात तर चेष्टा होते ती वेगळी.

अपवाद एकच, ज्यांचा धंदा त्यावर चालतो. फराळ, साड्या, केक, क्लास असं काही इन्स्टावरून चालवत असाल तर पोस्ट टाकायलाच हवी, तारखेसकट आणि ऑर्डरसाठीच्या फोन नंबरसकट. घेतलेल्या ऑर्डर आधी पुऱ्या करा, ॲडव्हान्स घेतला असेल तर एकतर माल द्या नाहीतर पैसे परत. पैसे घेऊन गायब झालेल्याला लोक ब्रेक म्हणत नाहीत.

५. ग्रुपचं काय करायचं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर.

तीन पर्याय आहेत. म्यूट, अर्काइव्ह आणि बाहेर पडणं. म्यूटमध्ये ८ तास, १ आठवडा आणि कायमचं असे पर्याय येतात, आवाज बंद होतो पण ग्रुप यादीत वर येतच राहतो, म्हणजे डोळ्यासमोरच. अर्काइव्ह केलं की तो बाजूला जातो आणि नवीन मेसेज आला तरी तिथेच राहतो, फक्त कुणी तुमचं नाव टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर कळतं. ब्रेकसाठी हेच सगळ्यात सोयीचं, आणि ग्रुपमधल्या कुणालाही ते कळत नाही.

बाहेर पडणं. २०२२ पासून व्हॉट्सॲपवर ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. पण यावर फार विसंबू नका, कारण ग्रुपच्या माहितीत गेल्या ६० दिवसांत कोण बाहेर पडलं ते कुणीही उघडून बघू शकतं. आणि घरच्या ग्रुपचा ॲडमिन म्हणजे बहुतेकदा एखादा उत्साही भाऊजी, त्याला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं.

माझा हिशोब असा:

- घरचा ग्रुप: कधीही सोडू नका, अर्काइव्ह करा. सोडला की त्याचा अर्थ लावला जातो, आणि तो अर्थ मालमत्तेपर्यंत जाऊ शकतो.
- सोसायटी आणि शाळा: घरातल्या दुसऱ्या माणसाला ग्रुपमध्ये घाला, मग तुम्ही अर्काइव्ह करा. दुसरं कुणी नसेल तर शेजाऱ्यांना सांगा की पाणी, लिफ्ट, सभा एवढ्या तीनच गोष्टी तोंडी कळवा. त्याबद्दल अधूनमधून चहाला बोलवा.
- भिशी: पैशाचा मामला आहे, ब्रेकच्या काळातला हप्ता आधी देऊन टाका आणि आपला नंबर लागला तर कुणी फोन करायचा ते ठरवून ठेवा.
- शाळेच्या बॅचचा ग्रुप, ट्रेकचा ग्रुप: एक ओळ लिहून म्यूट. गेट-टुगेदरचं ठरत असेल तर ते ठरेपर्यंत थांबा, नाहीतर "तूच नव्हतास" हे वर्षभर ऐकावं लागतं.
- जे ग्रुप कुणी कधी बनवले तेच आठवत नाही ते: खुशाल सोडा, कळवायचीही गरज नाही.

तुम्ही एकटेच ॲडमिन असाल तर आधी दुसऱ्याला ॲडमिन करा. न करता बाहेर पडलात तर व्हॉट्सॲप स्वतःच कुणालातरी ॲडमिन करून टाकतं, आणि ते कुणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही. फेसबुक पेजचंही तेच, मंडळाचं किंवा संस्थेचं पेज फक्त तुमच्या हातात असेल आणि तुम्ही अकाउंट डिॲक्टिव्हेट केलंत तर पेजही लोकांना दिसेनासं होतं. गणपतीच्या तोंडावर हे झालं तर मंडळाचे कार्यकर्ते घरी येतील.

६. आता प्रत्यक्ष बंद करा

इन्स्टा आणि फेसबुक: सेटिंगमध्ये अकाउंट सेंटर, तिथे पर्सनल डिटेल्स, मग अकाउंटची मालकी आणि नियंत्रण असा पर्याय, त्यात डिॲक्टिव्हेशन आणि डिलीशन दोन्ही शेजारी शेजारी असतात. तुम्हाला डिॲक्टिव्हेशन हवंय. डिलीट दाबलंत तर ३० दिवसांच्या आत लॉगिन करून रद्द करता येतं, त्यानंतर सगळे फोटो गेले.

फेसबुक डिॲक्टिव्हेट केलं तरी मेसेंजर चालू ठेवता येतो, हे परदेशातल्या नातेवाइकांसाठी बरं पडतं. पण एखाद्या दुसऱ्या ॲपमध्ये तुम्ही "फेसबुकने लॉगिन करा" वापरत असाल तर तिथे लॉगिन करताच फेसबुक आपोआप जिवंत होतं, तुम्हाला कळतही नाही आणि लोक विचारतात "आलास का परत?". तेवढी लॉगिन आधी ईमेलवर वळवून घ्या.

एक्सवर लांबची सुट्टी मिळत नाही, डिॲक्टिव्हेट केल्यावर ३० दिवसांत परत आला नाहीत तर अकाउंट कायमचं जातं, म्हणून तिथे नुसतं लॉगआउट करून ॲप काढा. लिंक्डइनवर हायबरनेट, म्हणजे अकाउंट तात्पुरतं झोपवून ठेवायचा, पर्याय आहे. पण नोकरी शोधत असाल तर लिंक्डइनला हात लावू नका, प्लीज.

व्हॉट्सॲपमध्ये "डिलीट अकाउंट" चुकूनही दाबू नका. त्याने सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडता आणि चॅट जातात. बंदच करायचं असेल तर आधी प्रोफाइलवरच्या अबाउटमध्ये "३० तारखेपर्यंत इथे नाही, फोन करा" लिहा, बॅकअप घ्या आणि मग ॲप काढा. हे अबाउटचं फार कामाचं आहे, कारण ॲप काढल्यावर समोरच्याला एकच टिक दिसते आणि त्याला वाटतं ब्लॉक केलं. ब्लॉक केल्यावर बहुतेकदा फोटोही दिसत नाही, इथे फोटो दिसतो, पण एवढं बारकाईने बघतंय कोण.

७. ब्रेकच्या काळात कसं वागायचं

बंद म्हणजे बंद. एकाला "मी व्हॉट्सॲपवर नाही" सांगायचं आणि दुसऱ्याचं स्टेटस बघायचं, असं करू नका, स्टेटस कुणी बघितलं ते दिसतं. बायकोच्या फोनवरून इन्स्टा बघणं हाही त्याच जातीचा प्रकार, आणि तिच्या अल्गोरिदमची वाट लागते ती वेगळी.

दुसऱ्यांना शिकवू नका. "किती शांत वाटतंय सांगू, तू पण सोड" हे जेवणाच्या टेबलावर दोनदा ऐकल्यावर लोक तुम्हाला सोडतात. समोरचा रील दाखवत असेल तर बघा, हसा, फोन परत द्या.

आणि तुमच्या ब्रेकचा भार घरच्यांवर टाकू नका. "माझ्या ग्रुपवर काय आलंय बघ ना" हे रोज विचारत असाल तर ब्रेक तुम्ही घेतलाय आणि ड्युटी नवऱ्याला लागलीय. सणाला मात्र फोन करा. दसरा, दिवाळी, संक्रांत, पाडवा यातला एखादा मध्ये येत असेल तर पाचसहा जणांना खरा फोन.

कुणी गेल्याचं उशिरा कळलं तर ग्रुपवर मागाहून "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकू नका. सरळ फोन करा, "मला आत्ता कळलं" एवढं पुरतं, आणि जाता येण्यासारखं असेल तर भेटून या, तेरावा होऊन गेला असला तरी. तिथे आपल्या ब्रेकचं कारण सांगत बसू नका, कुणाला त्यात रस नसतो.

८. परत येताना

गाजावाजा नको. "मी परत आले!" ही पोस्ट निरोपाच्या पोस्टइतकीच नकोशी. व्हॉट्सॲप उघडलं की शेकडो मेसेज पडतील. ग्रुपचे सगळे न वाचता पुढे जा, वैयक्तिक मेसेज आधी. त्यातही क्रम लावा: दुःखाच्या बातम्या, मग कामाचं, मग आमंत्रणं आणि आनंदाच्या बातम्या, बाकी सोडून द्या. महिन्यापूर्वीच्या विनोदाला आज हसण्याची इमोजी पाठवली की समोरचा पूर्ण चॅट वर सरकवत शोधत बसतो की हसलात कशाला.

बारसं, पेढे, नवीन नोकरी असं काही राहून गेलं असेल तर त्यांना फोन. आणि ज्या शेजाऱ्यांनी, भावजयीने, वर्गातल्या आईने महिनाभर तुमच्यासाठी निरोप सांभाळले त्यांना आधी भेटा.

९. दुसऱ्या कुणी ब्रेक घेतला असेल तर

सांगून घेतला असेल तर त्यांना एसएमएसवर रील आणि स्क्रीनशॉट पाठवू नका, "एवढं एकच बघ" पण नाही. लग्नाची पत्रिका त्यांना वेगळी द्या किंवा फोन करून सांगा, "ग्रुपवर टाकली होती की" हे आमंत्रण धरलं जात नाही.

न सांगता गायब झाले असतील, एकच टिक दिसत असेल, तर तर्क लढवत बसू नका आणि कॉमन मित्रांत चर्चाही नको. फोन करा. उचलला नाही तर संध्याकाळी परत एकदा करा, तरीही नाही तर त्यांच्या घरच्या कुणाला तरी विचारा, "बरी आहे ना ती?" एवढंच, आणि "बरी आहे, फोन बंद ठेवलाय" असं उत्तर आलं की विषय तिथेच सोडा.